ज्युलीचा रोल लीना हॉर्नला का मिळाला नाही

दोन पिक्चर शेजारी शेजारी ठेवून बघा, म्हणजे हे प्रकरण लगेच डोळ्यात भरतं. पहिला 1946 चा, टिल द क्लाउड्स रोल बाय, एमजीएमचा, प्रोड्यूसर आर्थर फ्रीड. संगीतकार जेरोम कर्नच्या आयुष्यावरचा हा पिक्चर सुरूच होतो त्याच्या शो बोट या गाजलेल्या म्युझिकलच्या तुकड्यानं. साधारण पंधरा मिनिटांत अख्ख्या नाटकातली मोठी गाणी उरकून घेतलीत, आणि त्यात नायिका मॅग्नोलिया म्हणून कॅथरीन ग्रेसन आहे आणि ज्युली म्हणून कृष्णवर्णीय गायिका-नटी लीना हॉर्न. लीना गाते कान्ट हेल्प लव्हिन दॅट मॅन. दुसरा पिक्चर 1951 चा, या वेळी पूर्ण शो बोट, रंगीत, भव्य. स्टुडिओ तोच एमजीएम, प्रोड्यूसर तोच आर्थर फ्रीड, मॅग्नोलिया तीच कॅथरीन ग्रेसन. ज्युली मात्र एव्हा गार्डनर, गोरी.

म्हणजे पाच वर्षांपूर्वी याच लोकांनी, याच स्टुडिओत, याच रोलच्या कपड्यात लीनाला उभं करून तिचं गाणं शूट केलं होतं, ते जगभर दाखवलं होतं, आणि खरा पूर्ण रोल करायची वेळ आली तेव्हा एकीला घेतलं आणि एकीला वगळलं. लोक म्हणतात, वर्णद्वेष होता, विषय संपला. विषय तोच आहे, मी नाकारत नाही. पण मला ते नुसतं म्हणून सोडून द्यावंसं वाटत नाही, कारण हे नेमकं कुठल्या कुठल्या पायरीवर घडलं, कुणाकडे काय कारण होतं, कुठला नियम होता, पैसा कुठून यायचा, हे बघितल्याशिवाय ही व्यवस्था कशी चालायची ते कळतच नाही. आणि या एका रोलमध्ये त्या काळचं जवळजवळ सगळं हॉलिवूड सापडतं.

आधी ज्युली कोण ते सांगायला हवं, कारण सगळी गोम तिथेच आहे. एडना फर्बरची कादंबरी 1926 ची, त्यावरून कर्न आणि ऑस्कर हॅमरस्टाइन यांनी 1927 मध्ये ब्रॉडवेवर म्युझिकल आणलं. मिसिसिपी नदीवर फिरणारी नाटकाची बोट, गावोगावी थांबून खेळ करणारी, आपल्याकडच्या तंबूतल्या फडासारखीच म्हणा ना, फक्त पाण्यावरची. ज्युली या बोटीवरची हिरॉइन, तिचा नवरा स्टीव्ह हा हिरो. ज्युली दिसायला गोरी आहे, सगळे तिला गोरीच समजतात, पण तिची आई कृष्णवर्णीय होती आणि हे तिनं लपवलंय. मिसिसिपी राज्यात तेव्हा गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला कायद्यानं बंदी. बोटीवरचाच एक खवट माणूस चुगली करतो, शेरीफ पकडायला येतो. तेव्हा स्टीव्ह काय करतो तर सुरी काढतो, ज्युलीच्या बोटाला छोटी चीर देतो आणि ते रक्त चोखतो. मग शेरीफला सांगतो की माझ्याही अंगात निग्रो रक्त आहे. एक थेंब असला तरी माणूस काळा, असा तिकडचा हिशोब होता, त्यामुळे अटक टळते. पण काळ्या ठरलेल्या लोकांना गोऱ्यांच्या रंगमंचावर उभं राहता येणार नाही म्हणून दोघांना बोट सोडावी लागते, आणि ज्युलीची जागा मॅग्नोलिया घेते. रोटी-बेटी व्यवहाराच्या भिंती ज्या समाजात आपण बघितल्यात त्या समाजातल्या माणसाला हा सीन समजावून सांगावा लागत नाही. आडनाव सांगताना क्षणभर थांबणारी माणसं आपल्याही ओळखीत असतात.

आणि ते गाणं. नाटकात कान्ट हेल्प लव्हिन दॅट मॅन नुसतं प्रेमगीत म्हणून येत नाही. ज्युली ते गुणगुणत असते तेव्हा बोटीवरची स्वयंपाकीण क्वीनी चमकते, की हे गाणं या बाईला कसं काय येतं, हे तर फक्त आमच्या लोकांत गातात. ज्युलीचं गुपित पहिल्यांदा उघडं पडतं ते त्या गाण्यातून. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता लीना. जन्म 1917 चा, ब्रुकलिनचा, घराणं शिकलेलं, सोळाव्या वर्षी हार्लेमच्या कॉटन क्लबमध्ये कोरसमध्ये नाचायला लागली. 1942 मध्ये एमजीएमनं तिला सात वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट दिलं. मोठ्या स्टुडिओचं असं लांबचं कॉन्ट्रॅक्ट कृष्णवर्णीय कलाकाराच्या वाट्याला तेव्हा जवळजवळ येतच नसे. यामागे एनएएसीपी ही नागरी हक्कांची संघटना आणि तिचे वॉल्टर व्हाइट होते, त्यांना पडद्यावर नुसत्या मोलकरणी आणि हमाल बघून कंटाळा आला होता आणि त्यांना वाटत होतं की लीना हे बदलू शकेल. तिचे वडील स्वतः स्टुडिओचा मालकच म्हणावा अशा लुई मेयरसमोर जाऊन बसले आणि सांगून आले की माझ्या मुलीसाठी मोलकरीण मी ठेवू शकतो, तिनं पडद्यावर मोलकरीण व्हायची गरज नाही. हा किस्सा लीना नेहमी सांगायची. त्यावर हॉलिवूडमधले काही कृष्णवर्णीय कलाकारच तिच्यावर चिडले, कारण ज्या मोलकरणीच्या रोलवर त्यांचं घर चालायचं ते रोलच ही बाई बंद पाडतेय असं त्यांना वाटलं. तो राग मला समजतो. त्यात तिच्या पाठीशी उभी राहिली कोण, तर हॅटी मॅकडॅनियल, जिनं आयुष्यभर मोलकरणी केल्या आणि त्यासाठीच ऑस्करही मिळवलं.

तर मोलकरीण नाही करायची हे ठरलं. मग काय करायचं? एमजीएमकडे उत्तर नव्हतं. 1943 मध्ये केबिन इन द स्काय, आणि फॉक्स या दुसऱ्या स्टुडिओला उसनी देऊन स्टॉर्मी वेदर, हे दोन्ही संपूर्ण कृष्णवर्णीय कलाकारांचे पिक्चर, तिथे तिला खरे रोल मिळाले. बाकी सगळीकडे एकच साचा. सुंदर गाउन घालून खांबाला टेकून उभी राहा, गाणं म्हण, जा. कथेशी संबंध नाही, कुणाशी बोलणं नाही. यामागे बेफिकिरी नव्हती, हे मुद्दाम असं बेतलेलं होतं, म्हणजे दक्षिणेकडच्या राज्यांत प्रिंट गेली की तेवढं गाणं कात्रीनं काढून टाकलं तरी कथेला धक्का लागत नसे. मेम्फिस शहराच्या सेन्सॉर बोर्डावर लॉइड बिनफर्ड नावाचा म्हातारा 1928 पासून 1955 पर्यंत बसला होता, तो हे इमानेइतबारे करायचा. 1947 मध्ये त्यानं कर्ली नावाचा एक साधा मुलांचा पिक्चर बंद केला, कारण त्यात काळी आणि गोरी मुलं एकाच शाळेत दाखवली होती.

आता 1946 चा तो तुकडा पुन्हा आठवा. ज्युली म्हणून लीना उभी आहे, गाणं गाते, पण त्या पंधरा मिनिटांत ना स्टीव्हबरोबरचा प्रेमाचा सीन आहे ना शेरीफचा. नुसतं गाणं. म्हणजे ज्युलीसुद्धा त्याच साच्यात बसवली होती, खांबाला टेकलेली, हवी तर ठेवा नको तर कापा. म्हणून तेव्हा ती चालली. 1951 ला पूर्ण कथा करायची होती, ज्युलीला नवरा असणार, तो तिला जवळ घेणार, तिच्यासाठी रक्त पिणार, आणि हे काढून टाकलं तर शो बोटच उरत नाही. माझ्या मते सगळं प्रकरण या एका फरकावर उभं आहे.

इथे प्रॉडक्शन कोड येतो. 1930 मध्ये स्टुडिओंनी स्वतःच स्वतःसाठी केलेली ही नियमावली, 1934 पासून जोसेफ ब्रीनच्या ऑफिसनं ती कडक लावायला सुरुवात केली. त्या ऑफिसचा शिक्का नसेल तर मोठ्या थिएटरांत पिक्चर लागायचा नाही. तिच्यात स्पष्ट लिहिलेलं होतं की गोऱ्या आणि काळ्या वंशातले लैंगिक संबंध दाखवायला मनाई. हा कायदा नव्हता हे नीट समजून घेतलं पाहिजे. सरकारनं काही लादलेलं नव्हतं. धंदेवाल्यांनी आपापसात ठरवलेलं होतं, कारण बाहेरून सेन्सॉर येण्यापेक्षा आपणच आवरून घेतलेलं बरं. शो बोटची कथा तर सरळ सरळ अशाच लग्नाची, आणि तरी ती 1936 ला युनिव्हर्सलनं केली, 1951 ला एमजीएमनं केली, आणि दोन्ही वेळा ती पास झाली. 1936 ला ज्युली होती हेलन मॉर्गन, जी ब्रॉडवेवरचीच ज्युली, गोरी बाई. म्हणजे कथेत कृष्णवर्णीय रक्ताची बाई आणि गोरा नवरा असला तर चालेल, पण कॅमेऱ्यासमोर खरोखरचा गोरा नट ज्या बाईला मिठी मारतोय ती खरोखरची कृष्णवर्णीय नको. नियम पात्रांसाठी लिहिला होता आणि लागू मात्र माणसांना व्हायचा. हे समजलं तेव्हा मला बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही.

हे एकट्या शो बोटचं नव्हतं. दोनच वर्षं आधी, 1949 मध्ये फॉक्सनं पिंकी काढला. गोरी दिसणारी कृष्णवर्णीय नर्स, दक्षिणेत आजीकडे परत येते, तिचा गोरा प्रियकर तिला शोधत येतो. विषय किती धाडसाचा म्हणायचा, आणि पिंकी म्हणून घेतली जीन क्रेनला, गोरी. तिला त्या रोलसाठी ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं. आजी झालेली एथेल वॉटर्स कृष्णवर्णीय, तिलाही सहायक भूमिकेचं नॉमिनेशन. पण एवढी काळजी घेऊनही टेक्सासमधल्या मार्शल गावात हा पिक्चर लावल्याबद्दल थिएटरच्या माणसाला 200 डॉलर दंड झाला, तो लढत लढत सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 1952 मध्ये जिंकला. स्टुडिओवाल्यांची भीती निव्वळ कल्पनेतली नव्हती हे यावरून दिसतं. दक्षिणेत खरंच त्रास होता. पण त्याच गोष्टीतून हेही दिसतं ना, की गोरी नटी घेऊन तो त्रास टळलाच नाही. विषयच ज्यांना नको होता त्यांना तो जीन क्रेनसहितही नको होता.

शो बोटच्या वेळी ज्युलीसाठी नावं कुठली होती? ज्युडी गार्लंडचं नाव होतं, पण 1950 मध्ये तिचं आणि एमजीएमचं बिनसलं आणि ती बाहेर पडली. गायिका डायना शोरचंही नाव निघालं. शेवटी एव्हा गार्डनर, नॉर्थ कॅरोलिनाच्या खेड्यातली, म्हणजे दक्षिणेचीच, तेव्हा भर वर येत असलेली स्टार. लीनाला तो रोल मनापासून हवा होता, हे तिनं पुढे कितीदा तरी सांगितलंय. एव्हा आणि ती मैत्रिणी होत्या, आणि हा रोल खरं तर लीनाचा होता असं एव्हाचंही म्हणणं होतं. या दोघींमध्ये कुठेच कडवटपणा नाही हे मला फार मोलाचं वाटतं, कारण अशा गोष्टी आपण लगेच दोन बायकांच्या भांडणासारख्या सांगायला लागतो आणि मग निर्णय ज्यांनी घेतला ते बाजूला राहतात.

आता तिच्या घरातली गोष्ट, जी ऐकून अंगावर काटा येतो. लीनाचं लेनी हेटनवर प्रेम होतं. हेटन एमजीएमचा म्युझिक डायरेक्टर, गोरा, टिल द क्लाउड्सचं संगीत दिग्दर्शनही त्यानंच केलेलं. 1947 च्या डिसेंबरमध्ये दोघांनी पॅरिसला जाऊन लग्न केलं. पॅरिसला का? कारण कॅलिफोर्नियात तेव्हा असं लग्न बेकायदा होतं, तिथल्या सुप्रीम कोर्टानं ती बंदी 1948 च्या ऑक्टोबरमध्ये उठवली. म्हणजे मिसिसिपीमधल्या ज्युलीची गोष्ट सेटवर करायची तयारी ज्या हॉलिवूडमध्ये चालू होती तिथे स्वतः लीना ज्युलीसारखंच लग्न लपवून राहत होती, 1950 पर्यंत त्यांनी ते जाहीर केलंच नाही. जाहीर केल्यावर धमकीची पत्रं आली. त्याच 1950 च्या उन्हाळ्यात रेड चॅनल्स नावाचं पुस्तक निघालं, कम्युनिस्टांशी संबंध असल्याचा संशय असलेल्या कलाकारांची यादी, त्यात लीनाचं नाव होतं, मोठं कारण डाव्या विचारांचा कृष्णवर्णीय गायक-नट पॉल रोबसन याच्याशी मैत्री आणि नागरी हक्कांच्या कामात सहभाग. शो बोटचं शूटिंग त्याच वर्षाच्या शेवटी सुरू झालं. तेव्हा कोड, दक्षिणेचा बाजार, लग्न आणि काळी यादी, या चारही गोष्टी एकाच वेळी तिच्यावर येऊन आदळल्या होत्या. यातली नेमकी कुठली निर्णायक ठरली हे वेगळं काढून दाखवता येईल असं मला वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर स्टुडिओला ते वेगळं काढायची गरजच पडली नसणार, नाही म्हणायला एकच कारण पुरतं.

पण माझ्या डोक्यात जे घर करून बसलंय ते याच्याही पुढचं आहे, ते मेकअपचं आणि आवाजाचं.

लीना 1942 मध्ये नवीन आली तेव्हा तिची स्क्रीन टेस्ट घेतली. कॅमेऱ्यात ती फार उजळ दिसायला लागली, लोक तिला गोरी समजतील ही भीती. म्हणून तिच्यावर गडद मेकअप थापला, तर ती तोंडाला काळं फासून काळ्यांचं सोंग करणाऱ्या गोऱ्या नटासारखी दिसायला लागली. मग मॅक्स फॅक्टर कंपनीकडून तिच्यासाठी खास शेड तयार झाली, नाव लाइट इजिप्शियन. लीना हा किस्सा सांगायची आणि पुढे म्हणायची की ती शेड मग गोऱ्या नट्यांना लावायला लागले, मिश्र वंशाच्या बायकांचे रोल करताना. त्याच वर्षी व्हाइट कार्गोमध्ये हेडी लामारला ती लावली (त्या पिक्चरमध्ये कोडच्या भीतीनं शेवटी ते पात्र आफ्रिकन नसून अरब-इजिप्शियन असल्याचं जाहीर करून टाकलं होतं, म्हणजे लग्न चालेल), आणि शो बोटमध्ये एव्हाला. विचार करा, एका बाईच्या कातडीच्या रंगावरून डबीत रंग बनवायचा, आणि ती डबी दुसरीला देऊन पहिलीचा रोल करायला लावायचा.

आवाजाचं तसंच. एव्हाला स्वतः गायचं होतं. तिनं मेहनत घेतली, लीनाच्या रेकॉर्ड्स लावून लावून गाणी बसवली, श्वास कुठे घ्यायचा, शब्द कुठे ओढायचा. म्हणजे ते गाणं, जे मूळ नाटकात ज्युलीची जात उघडी पाडतं कारण ते फक्त तिच्या लोकांत गातात, ते गोऱ्या नटीनं कृष्णवर्णीय गायिकेच्या रेकॉर्डवरून शिकून घेतलं. क्वीनीनं विचारलेला प्रश्न एव्हाला विचारला असता, की हे गाणं तुला कसं येतं बाई, तर खरं उत्तर लीना हॉर्न हेच होतं. आणि मग स्टुडिओनं एव्हाचाही आवाज काढून टाकला. पिक्चरमध्ये अ‍ॅनेट वॉरन नावाच्या गायिकेचा आवाज डब केला. एव्हाला ते फार लागलं. रेकॉर्डच्या अल्बमवर मात्र एव्हाचाच आवाज राहिला आणि तो अल्बम खूप खपला. म्हणजे पडद्यावर जी ज्युली दिसते तिचा चेहरा एकीचा, गळा दुसरीचा, रंगाची शेड आणि गाण्याची ढब तिसरीची, आणि त्या तिसरीचं नाव टायटलमध्ये कुठेच नाही.

पिक्चर जोरात चालला. 1951 च्या जुलैमध्ये लागला, त्या वर्षीच्या मोठ्या हिटपैकी एक. कॅमेरा आणि संगीत अशी दोन ऑस्कर नॉमिनेशन्स मिळाली. दिसायला तो देखणाच आहे, बोट खरीखुरी बांधली होती स्टुडिओच्या तळ्यावर. विल्यम वॉरफील्डनं गायलेलं ओल मॅन रिव्हर हे गाणं, धुक्यातला तो सीन, दिग्दर्शक जॉर्ज सिडनी आजारी असल्यामुळे फ्रीडचा सहकारी रॉजर ईडन्सनं बसवलेला, तो मी कितीही वेळा बघू शकतो. पण आजूबाजूला बघा काय झालंय. 1936 च्या पिक्चरमध्ये पॉल रोबसननं केलेला जो, म्हणजे क्वीनीचा हमाल नवरा, आणि हॅटी मॅकडॅनियलची क्वीनी, दोघं बोलतात, भांडतात, एकमेकांची मजा घेतात, त्यांचं एक जग आहे. 1951 मध्ये क्वीनी जवळजवळ गायबच, जो नावाचा तो हमाल येतो, गाणं गातो आणि जातो, कृष्णवर्णीय कामगारांचा कोरस पार आटलेला. पंधरा वर्षं पुढे जाऊन त्यांना मिळालेली जागा कमी झाली. लीनाला दिलेला तोच साचा, गाणं आणि एक्झिट, आता वॉरफील्डला. माझा असा समज होता की हे सगळं हळूहळू का होईना सुधारतच गेलं असेल, या दोन शो बोटनी तो मोडला.

आणि ज्युलीचा रोल? तो मात्र वाढवला. मूळ नाटकात ती मध्येच निघून जाते. इथे शेवटी तीच मॅग्नोलियाच्या नवऱ्याला गाठून सांगते की तुला मुलगी आहे, तिच्यामुळे घर जुळतं, आणि बोट निघून जाताना शेवटी काठावर उभी राहून बघत असते तीच, दारूनं खंगलेली ज्युली. म्हणजे लीनाच्या हातून निसटलेला रोल बारीक नव्हता, पिक्चरचा शेवट ज्याच्यावर ठेवलाय तो रोल होता.

आता दुसरी बाजूही घ्यायला हवी, कारण मी हे मित्रांना सांगतो तेव्हा ती कुणीतरी काढतंच. एक म्हणजे लीना तेवढी मोठी स्टार नव्हती, तिकीटबारीवर एव्हा जड होती. हे खरं आहे. पण ती मोठी स्टार का नव्हती? आठ वर्षं तुम्ही तिला संवाद दिले नाहीत, सीन दिले नाहीत, खांबाला टेकवून ठेवली, आणि मग म्हणता हिचं अ‍ॅक्टिंगचं नाव नाही. दुसरं म्हणजे एव्हानं काम चांगलं केलंय. तेही खरंच, शेवटचे सीन तर फारच चांगले आहेत, तिच्या कामाला मी कमी लेखत नाही. तिसरा मुद्दा जरा विचार करायला लावणारा आहे, की नाटकात ज्युली गोरी म्हणून खपते, प्रेक्षकालाही धक्का बसला पाहिजे, लीना सगळ्यांना माहीत असलेली कृष्णवर्णीय गायिका, मग रहस्य कसं टिकणार? पण 1951 पर्यंत शो बोटची गोष्ट अमेरिकेत रामायणाइतकी नाही तरी एखाद्या संगीत नाटकाइतकी पाठ होती, चोवीस वर्षं चालू होती, ज्युलीचं काय होतं हे थिएटरात शिरतानाच लोकांना माहीत असायचं. रहस्यासाठी कुणी जात नव्हतं.

उलट बाजूचंही एक उदाहरण आहे आणि ते आपल्या मुंबईत जन्मलेलं. मर्ल ओबेरॉन, जन्म 1911, मुंबई, पुढे कलकत्त्यात वाढली, मिश्र वंशाची. इंग्लंड आणि मग हॉलिवूडमध्ये गेली तेव्हा जन्मगाव सांगितलं टास्मानिया, कारण तिथून कुणी खरंखोटं करायला येणार नाही. 1935 च्या द डार्क एंजलसाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं नॉमिनेशन मिळालं, मोठमोठ्या गोऱ्या नायिकांचे रोल केले, आणि 1979 मध्ये मरेपर्यंत खरं जन्मगाव सांगितलं नाही. म्हणजे ज्युली जे करते तेच मर्लनं खऱ्या आयुष्यात केलं, लपवलं, आणि तिला सगळे रोल मिळाले. लीनालाही सुरुवातीला सुचवलं गेलं होतं की तू स्पॅनिश म्हणून खपून जाशील, नाव बदल. तिनं नाही म्हटलं. मी मर्लला दोष देत नाही, तिनं काय काय गिळलं असेल ते तिलाच माहीत. पण ज्युलीचा रोल करायला पात्र कोण होतं बघा, लपवणारी चालली असती, गोरी चालली, आणि जी आपण कोण आहोत हे उघड सांगून उभी होती तेवढी एकच चालली नाही.

पुढचं थोडक्यात. लीनानं सिनेमाचा नाद जवळजवळ सोडला, नाइटक्लब आणि रेकॉर्डिंगमध्ये नाव काढलं. कोडमधली ती बंदी 1956 च्या शेवटी काढली, पुढच्याच वर्षी आयलंड इन द सन आला, त्यात कृष्णवर्णीय नटी डोरोथी डँड्रिजचं गोऱ्या माणसाशी प्रेम होतं आणि तरी दोघांचं चुंबन दाखवायची हिंमत झाली नाही. अख्ख्या देशात अशी लग्नं कायदेशीर व्हायला 1967 उजाडलं. लीना 1963 च्या नागरी हक्कांसाठीच्या वॉशिंग्टन मोर्चात होती. 1981 मध्ये, चौसष्टीला आली असताना, ब्रॉडवेवर एकटीचा शो आणला आणि तो तीनशेहून जास्त प्रयोग चालला. 2002 मध्ये हॅली बेरीला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं, कृष्णवर्णीय बाईला ते पहिल्यांदाच मिळत होतं, तिनं रडत रडत जी नावं घेतली त्यात डोरोथी डँड्रिज आणि लीना हॉर्न होत्या. आठ वर्षांनी, 2010 मध्ये, लीना गेली.

1994 मध्ये एमजीएमच्या जुन्या म्युझिकल्सवर दॅट्स एंटरटेनमेंटचा तिसरा भाग निघाला. त्यात लीना स्वतः येते आणि शांतपणे सांगते की ज्युली मला करायची होती. स्टुडिओच्याच पिक्चरमध्ये, त्रेचाळीस वर्षांनी. एव्हाच्या स्वतःच्या आवाजातलं ते काढून टाकलेलं गाणंही त्याच पिक्चरमध्ये आहे.

टिल द क्लाउड्सचं कॉपीराइट नंतर रिन्यू झालं नाही, त्यामुळे तो आता कुणालाही फुकट बघता येतो. लीनाची ज्युली तेवढीच आहे, एका गाण्यापुरती. मी ते गाणं आधी तिचं लावतो, मग एव्हाचं, तिच्या खऱ्या आवाजातलं, आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा ऐकतो, मासा पोहणारच, पक्षी उडणारच, या ध्रुपदाच्या पहिल्या ओळीतला शेवटचा शब्द लीना कसा सोडते आणि एव्हा तिथे कशी तिच्या मागोमाग जाते, एखादी शिष्या जाते तशी.